मेव्हण्याचे पाच डबे

आमचा मेव्हणा एकाच वेळी पाच ठिकाणी राहतो आणि पाचांपैकी एकाही ठिकाणी सापडत नाही. बायकोच्या माहेराबद्दल नवरे बोलू लागले की त्यात थोडा मीठमसाला असायचाच, हे मला मान्य आहे. पण इथं मला वरून काही घालावं लागलेलं नाही. उलट ऐकणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून मी जरा कमी करूनच सांगतो. त्याचं दाढीचं सामान कोल्हापुरात आमच्या मोरीत असतं, जाड स्वेटर बिद्रीजवळच्या गावी आईकडे असतो, चष्म्याचा जादा जोड जयसिंगपूरला मित्राच्या दुकानात, छत्र्या कोल्हापुरातच सलीमभाई नावाच्या दुसऱ्या मित्राकडे आणि सणासुदीचा सदरा शिरोली एमआयडीसीतल्या त्याच्या स्वतःच्या वर्कशॉपात, ओतीव भागांवरून उडणाऱ्या लोखंडाच्या किसापासून जपून ठेवलेला. मी एकदा विचारलं, "पावणं, हे सगळं एका कपाटात का मावत नाही?" तर म्हणाला, "मावतंय की दाजी. पर एका जागी ठिवलं की चोराला एकच खेप. पाच जागी ठिवलं की चोर बी वैतागतोय." चोराचं मला माहीत नाही, पण भाचीच्या साखरपुड्याला हा स्वतःला गोळा करत निघाला तेव्हा सदरा, पँट, चप्पल सगळं तीन गावांतून जमलं आणि पट्टा तेवढा जयसिंगपूरला राहिला. सगळा समारंभ त्यानं डावा हात कमरेवर ठेवून पार पाडला. फोटोत तो एखाद्या सभेचा अध्यक्ष असल्यासारखा दिसतो. मुलाकडच्या मंडळींवर त्याची फार छाप पडली होती असं नंतर कळलं.

त्याच्यापुढं मी म्हणजे अगदीच एका जागचा माणूस. एका सरकारी कचेरीत, एका टेबलाशी, एका खिडकीकडे पाठ करून मी नोकरी केली आणि तिथून उठलो तो घरी येऊन खुर्चीत बसलो. कचेरीत माझ्या हातून म्हणण्यासारखी एकच कामगिरी झाली: संध्याकाळी शेवटी निघताना सगळे दिवे-पंखे बंद करणं. साहेब बदलले, टेबलं बदलली, पण बटणं मीच बंद केली. ही सवय आता हाडात गेली आहे. कुणाकडे बसायला गेलो तरी निघताना माझा हात भिंतीवर फिरतो. एकदा एका घरी मी निरोप घेऊन बाहेर पडलो आणि आतली मंडळी अंधारात राहिली. बायको म्हणते, "ह्यांना देवळात एकटं सोडू नका, समई विझवून येतील." मी हसून सोडून देतो, कारण एकदा माझा हात खरोखर समईपर्यंत गेला होता.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या आवाजावर उभं आहे. सासरे, म्हणजे घरादाराचे आणि गावाचे आबा, कुस्ती मैदानाचे निवेदक होते. जत्रेच्या मैदानात कोण पैलवान लढणार हे विचारायच्या आधी माइकवर कोण आहे हे लोक विचारायचे, असं सासूबाई अजून सांगतात. घरातही त्यांचा माइक कधी बंद व्हायचा नाही. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी हातात आली मात्र, कोपऱ्यातून आवाज सुरू झाला: "पावण्यांनी बशी ताब्यात घेतलीया. चमचा वर चाललाय. पावणं जरा बिचकल्यात. आन् निसटला मंडळी, शेंगदाणा निसटला." शेंगदाणा खरोखर निसटला होता. लग्न त्या शेंगदाण्यामुळंच ठरलं, असं बायको सांगते. इतका निरुपद्रवी माणूस पुन्हा मिळेल की नाही अशी तिला शंका वाटली म्हणे.

सासरे गेले आणि मागं त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट उरली. कुठल्याशा जुन्या मैदानात कुणीतरी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता, त्याची. ती कुणाकडं राहायची यावरून आमच्या घरात जे झालं त्याला भांडण म्हणत नाहीत, कारण कुणी कुणाला मारलं नाही. सासूबाई म्हणाल्या, माणूस माझा, मग आवाजबी माझा. बायको म्हणाली, थोरली मी. गावच्या तालमीची मंडळी म्हणाली, आवाज मैदानाचा, तवा कॅसेट तालमीत. मेव्हणा काहीच म्हणाला नाही, आणि त्या गलक्यात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. कॅसेट या घरातून त्या घरात फिरत राहिली, रुसव्याफुगव्यात कपाटांत पडून राहिली आणि फितीला बुरशी धरली. शेवटी मेव्हण्यानं ती गुपचूप एका ओळखीच्या दुकानात नेली, कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, आणि उतरवून होता होता फीत तुटली. म्हणजे सासऱ्यांचं आता जगात जे काही उरलं होतं ते त्या एका फाइलीत.

एखाद्या साध्या माणसानं त्या फाइलीच्या चार प्रती काढून चौघांना दिल्या असत्या. पण साधेपणा त्याच्याकडं कुठल्याच घरात ठेवलेला नाही. त्यातून नेमकं त्याच सुमाराला त्याच्या फोनचं खातं गोठलं आणि वर्कशॉपची सगळी ड्रॉइंगं त्यात अडकली. कंपनीला कळवलं तर कंपनी म्हणाली, तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा. "आन् ते सिद्ध कराय जो निरोप येनार तो त्याच खात्यात," तो आमच्या पुढच्या खोलीत बसून सांगत होता. "म्हंजे आपलं सामान दुसऱ्याच्या माडीवर ठिवायचं आन् किल्लीबी त्यालाच द्याची. असली सोय नगो मला." मग तो काही आठवडे कुठंच दिसला नाही, म्हणजे नेहमीपेक्षाही कमी दिसला. आणि एके दिवशी पिशवीतून जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी काढून त्यानं आमच्या टीव्हीशेजारी ठेवली. तिच्यावर एक हिरवा दिवा लागला होता.

"ह्याला नोड म्हणत्यात," तो म्हणाला. आमच्या घरात त्याला पहिल्या दिवसापासून डबाच म्हणतात. असे पाच डबे त्यानं तयार केले होते. एक आमच्याकडं, एक वर्कशॉपात, एक गावी सासूबाईंच्या उशाशी, एक जयसिंगपूरला भरतेशअण्णाच्या दुकानात आणि एक कोल्हापुरातच सलीमभाईंच्या घरी. भरतेशअण्णा हा त्याचा डिप्लोमाच्या वेळचा मित्र, शेतीअवजारांच्या सुट्या भागांचं पिढीजात दुकान चालवणारा; सलीमभाई सोफे आणि गाड्यांच्या सीटा शिवतात आणि मेव्हण्याच्या छत्र्या वगैरे सांभाळतात. जगात पुष्कळ लोक आता असंच करतात, असं मेव्हण्यानं समजावलं. कुणीतरी एक बडा मालक मध्ये बसलेला नाही. ज्याच्या त्याच्या घरातली मशीन दुसऱ्याचं सामान सांभाळते. आधी फाइलीला कुलूप घालायचं, मग तिचे तुकडे करायचे आणि तुकडे घरोघर वाटायचे. कुणाच्याही डब्यात अख्खी फाइल नाही, आणि जो तुकडा आहे तो कुलपातला. "डब्यात काय हाय ते डब्यालाबी ठाव न्हाय," तो मोठ्या अभिमानानं म्हणाला. हे वर्णन मला माझ्या नोकरीसारखं वाटलं.

यातली खरी गंमत पुढं होती. तुकडे पाच, पण आवाज परत जुळवायला त्यातले कुठलेही तीन पुरतात. दोन डबे बंद पडले, जळले, हरवले, तरी फिकीर नाही. हवं तेव्हा फोनवरून हाक घालायची. ती पाची डब्यांना जाते आणि जे तीन आधी उत्तर देतील त्यांच्यावर काम होतं. "पयले तीन पोचले की पंगत सुरू," तो म्हणाला. सासूबाईंना त्यानं हे भाकरीवरून समजावलं. भाकरीचे पाच तुकडे पाच घरांत ठेवले आणि त्यातले कुठलेही तीन आणले तर अख्खी भाकरी तयार. सासूबाईंनी चुलीपुढून मान वर केली. "आन् ऱ्हायल्याल्या दोन तुकड्यांचं काय?" "ते जादा हैत, आई. नड पडली तर." "म्हंजी पीठ एका भाकरीचं न्हाय, जादाच लागलं की," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तव्याकडं वळल्या. मेव्हणा माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "दाजी, तुमाला हे कळाय दोन दिवस लागलं." खरं म्हणजे मला तेव्हाही कळलं नव्हतं. मी फक्त मान हलवायची थांबवली होती.

पाची डबे हिरवे झाले तसं त्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरवरची अख्खी फाइल पुसून टाकली. हे ऐकून बायको त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. "माझ्या बापाचा आवाज माझ्याच टीव्हीशेजारी पडलाय आन् मला ऐकायला मिळत न्हाय," हे तिनं मला सांगितलं, कारण त्याच्याशी ती बोलत नव्हती. तो म्हणाला, "आक्का, अख्खी फाइल ज्याच्याकडं, भांडान त्याच्या दारात. आता समद्यांकडं हाय आन् कुणाकडंच न्हाय." मग एकदा तरी लाव, असा तिनं माझ्यामार्फत निरोप धाडला, तर म्हणे, सगळी माणसं एका जागी जमली की लावू, एकट्यानं कुणी ऐकायचा न्हाय, मीबी न्हाय. आणि खरोखर त्यानं तो ऐकला नाही. दुकानात फीत उतरवतानासुद्धा तो बाहेर जाऊन उभा राहिला होता, असं तिथल्या माणसानं मला सांगितलं.

मला मात्र राहवलं नाही. निवृत्त माणसाचं कुतूहल दुपारी दोन ते चारच्या दरम्यान फार वाढतं. मी आमच्या डब्यातला तुकडा कसाबसा कॉम्प्युटरवर ओढला आणि गाणं लावावं तसा लावला. कढईत मिरची टाकल्यासारखा चर्रर्र आवाज घरभर झाला. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "काय जळतंय?" मी म्हणालो, "काही नाही. तुझे वडील." त्यानंतर महिनाभर ती माझ्याशीही बोलली नाही, आणि आमच्या घरात असं शांततेचं राज्य आलं की डब्याच्या पंख्याचा आवाज ऐकू यायचा.

डबा ठेवला म्हणजे काम संपलं असं नव्हतं. मेव्हण्याचं नेटवर्क अधूनमधून प्रत्येक डब्याला अचानक प्रश्न विचारायचं: तुझ्याकडच्या तुकड्यातला अमुक ठिकाणचा मजकूर सांग. डब्यानं बरोबर सांगितलं तर तो जागा आहे, आणि त्यानं सामान टाकून दिलेलं नाही, हे कळायचं. उत्तर आलं नाही तर गुण कमी. हे गुण मेव्हणा दर रविवारी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा. पहिला नंबर सलीमभाईंचा. भरतेशअण्णा दुसरा, वर्कशॉप तिसरं. सासूबाईंच्या गावी वीज आली की लोक एकमेकांना फोन करून कळवतात, तरी त्यांचा चौथा. पाचवा मी. भर शहरात, चोवीस तास विजेच्या घरात, पाचवा. कारण झोपताना तो हिरवा दिवा डोळ्यांवर यायचा, आणि भिंतीवरून हात फिरल्याशिवाय मला झोप येत नाही हे मी आधीच सांगितलं आहे. सकाळी सहाला फोन वाजायचा. "दाजी, डबा का गप हाय?" मी म्हणायचो, "लाइट गेली होती." "तुमच्या शेजारच्या काकूंनी तर रात्री बारापतोर मालिका बगितली म्हनं." त्याचा प्रश्न विचारायचा कार्यक्रम डब्यांपुरता थांबत नव्हता. पुढं तर तो स्वतः येऊ लागला. आला की आधी डब्यावर हात ठेवायचा, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, "ऊब हाय," असं म्हणायचा आणि मग चहा घ्यायचा. पाच डब्यांच्या तपासणीत पाच चहा व्हायचे. एकदा हात ठेवला तर डबा गार लागला, आणि तो चहाही न घेता गेला. त्या रात्री मी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. डबा चालू ठेवून झोपायचं हे मला इतक्या उशिरा सुचलं, यावरून सरकारनं माझ्याकडून कसली कामं करून घेतली असतील याची कल्पना यावी.

मग तालमीचं ठरलं. गावच्या तालमीची नवी इमारत झाली होती आणि आत सासऱ्यांचा फोटो लावायचा होता. फोटोवरचा पडदा सरकला की त्यांचा आवाज लागेल, असं मेव्हण्यानं वस्तादांना सांगून टाकलं. "आबा सोता बोलतील," असे त्याचे शब्द होते, आणि ते वस्तादांनी गावभर केले. सगळी माणसं एका जागी जमणार होती, म्हणजे त्याची अटही पुरी होत होती. आदल्या दिवशी तो आमच्याकडं आला तेव्हा पहिल्यांदाच मला तो घाबरलेला दिसला. चहाचा कप त्यानं दोनदा उचलून तसाच ठेवला. मी आपला शहाणपणा केला. "पावणं, डबे चालू आहेत तोवर एक अख्खी प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा की, उद्यापुरती." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी पैलवानाला काठी घेऊन आखाड्यात उतर म्हणालो. "मग हे सगळं कशासाठी केलं, दाजी? पाची घरं एकदम कशी बंद पडतील, सांगा की."  

दुसऱ्या दिवशी दुपारी तालमीच्या पुढ्यात मांडव भरून गेला होता. सासूबाई पहिल्या रांगेत, शेजारी बायको, मागं भरतेशअण्णा सगळं कुटुंब घेऊन, सलीमभाई बायकोमुलांसह, आणि मी कडेला, पंख्याच्या बटणाजवळ. पडदा सरकला, नारळ फुटला, टाळ्या झाल्या. मेव्हण्यानं माइकवाल्याच्या टेबलाशी उभं राहून फोनवर हाक घातली आणि सगळे शांत झाले. काहीच वाजलं नाही. वस्ताद म्हणाले, "आरं, आवाज कवा?" मेव्हण्यानं पुन्हा बोट दाबलं. मी जवळ जाऊन पाहिलं. फोनवर पाच ठिपके होते आणि पाची लाल होते.

"भरतेशअण्णा," तो म्हणाला, "दुकानाचं काय?" "बंद करून आलोय की," भरतेशअण्णा म्हणाला. "समदी हिकडं आल्यावर मेन स्विच पाडूनच यायला पायजे. शॉर्टसर्किट झालं म्हंजे?" "सलीमभाई?" "मेन बंद केली भाई. घरात सगळा फोम आन् कापूस. चालू ठेवून कोण येतंय?" वर्कशॉपला त्या दिवशी सुट्टी होती, आणि सुट्टीला मेन पाडायची शिस्त त्यानं स्वतःच लावली होती. गावच्या घरातल्या डब्याची पिन माइकवाल्यानं काढून तिथं आपल्या अँप्लिफायरची घातली होती. आणि आमच्या घराबद्दल मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आमच्याकडं बाहेरगावी निघताना गॅस बघतात, नळ बघतात, मेन पाडतात, कुलूप ओढून बघतात आणि मग पुन्हा एकदा ओढून बघतात. पाची घरांनी ते अगदी इमानानं केलं होतं. आबांचा आवाज ऐकायला सगळी जमायची म्हणूनच तो आवाज देणारं एकही घर चालू राहिलं नव्हतं. मेव्हण्याचा चेहरा पाहवत नव्हता. तो फोनकडं बघत नुसता उभा होता. सासूबाईंनी पदर सावरून विचारलं, "का रं? बोलत न्हाईत व्हय?" 

मग एकदम सगळे कामाला लागले. गावचा डबा समोरच्याच घरात होता, माइकवाल्यानं धावत जाऊन त्याची पिन दुसऱ्या बोर्डात लावली. एक ठिपका हिरवा झाला. भरतेशअण्णाचा भाऊ दुकानाच्या माडीवर राहतो, तोच एक मागं राहिला होता. तो खाली उतरून मेन वर करून आला. दुसरा हिरवा. सलीमभाईंच्या घराची किल्ली त्यांच्या खिशात आणि वर्कशॉपची मेव्हण्याच्या. उरलो मी. आमची किल्ली शेजारच्या काकूंकडं असते. मी काकूंना फोन लावला, आणि कुणालाच नीट ऐकू येईना म्हणून माइकवाल्यानं मदत करायच्या हेतूनं माझ्या फोनापुढं माइक धरला. तिथून पुढचं संभाषण अख्ख्या गावानं ऐकलं.

"काकू, मेन दाराच्या मागं आहे. वर." "स्टूल कुठं हाय?" "मोरीत." "मोरीत कशाला स्टूल?" मांडवात कुणीतरी हसलं. काकू चढल्या, पाडलेली मेन वर गेली. "आता टीव्हीशेजारी काळा डबा आहे बघा." "न्हाय." तेव्हा मला आठवलं. चोरांच्या नजरेला पडू नये म्हणून मी तो डबा आणि इंटरनेटची पेटी काढून, वायरी गुंडाळून, आत ठेवून आलो होतो. "काकू, स्वयंपाकघरात तांदळाचा पत्र्याचा डबा आहे ना, त्यात बघा." मागून एक म्हातारा म्हणाला, "भिजला हुता व्हय?" मग जे हसणं उठलं ते तालमीच्या पत्र्यावरून परत आलं. मी नजर वर केली नाही. काकू तांदूळ उपसत होत्या, मी कुठली वायर कुठं ते सांगत होतो, आणि सांगताना दोनदा चुकलो. मेव्हणा मात्र हसत नव्हता. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता आणि त्यानं माझा दंड धरला होता. "हळू सांगा, दाजी," तो म्हणाला. "हळू सांगा. जमंल." 

तिसरा ठिपका हिरवा झाला तेव्हा काकूंचा श्वास अजून माइकवर ऐकू येत होता. मेव्हण्यानं फोन टेबलावर ठेवला. थोडी खरखर झाली, आणि सासरे बोलू लागले.

मी त्या आवाजाची एवढी वर्णनं ऐकली होती, स्वतःही ऐकला होता, पण पोह्यांच्या बशीवर. मैदानात तो वेगळाच होता. डावामागून डाव येत होते, एकेरी पट निघाला, ढाक लागली, वरचा खाली, खालचा वर, आणि मांडवातले म्हातारे आपापल्या जागी बसल्या बसल्या खांदे हलवू लागले. बायको रडत होती आणि हसत होती. सासूबाई टेकून बसल्या होत्या, डोळे मिटून. मग एका कुस्तीच्या मध्येच सासऱ्यांचा आवाज थांबला. पुन्हा आला तो खाली उतरलेला होता. "मंडळी, एक सूचना हाय. एक पोरगं चुकलंय. अंगात निळा सदरा, हातात शेंगांचा पुडा. नाव सांगत न्हाय, माझंच हाय." टेपवरचं मैदान हसलं. मग तो आवाज गर्दीशी बोलेनासा झाला. "बाळा, ऐकू येतंय न्हवं? रडू नगो. जितं हाईस तितंच हुबा ऱ्हा. हालू नगो. मी येतूया तुला घ्याला." माइक ठेवल्याचा आवाज आला. पुढं बराच वेळ निवेदक नव्हता. नुसती गर्दी, हलगी, आणि कुस्ती चाललेली, सांगणारा कुणी नाही.

मांडवात कुणी हललं नाही. सासूबाई डोळे न उघडताच म्हणाल्या, "कुस्ती अर्ध्यात टाकून गेले म्हणून लोक लई बोलले ह्यांला. पुढच्या साली बोलावलंबी न्हाय." मी वळून पाहिलं तर मेव्हणा टेबलाशी नव्हता.

तो तालमीच्या मागच्या पायरीवर बसला होता. आत टेप चालूच होती. सासरे परत आले होते, दम लागला होता त्यांना, आणि कुस्ती कुठवर आली असं ते लोकांनाच विचारत होते. मी शेजारी बसलो. काहीतरी विनोद करावा असं मनात आलं, तांदळाचं काहीतरी, पण सुचलं नाही ते बरं झालं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, केस पिकलेले, बोटांत लोखंडाचा काळपटपणा कायमचा भरलेला. जमिनीकडं बघत तो म्हणाला, "लई येळ लागला त्यांला, दाजी. समदी कडंनं पळत हुती. मला लोक म्हनत हुते, चल, आमी सोडतो. पर मी हाललो न्हाय वो."

"माहीत आहे," मी म्हणालो. मला कसं माहीत असणार? पण दुसरं काही म्हणता आलं नाही. आतून सासूबाईंनी जेवायला हाक मारली, मग बायकोनं मारली, आणि आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.